टेंभरूची वाट

मोहाची फुलं गळायला लागली की मी कोठीवरच्या डब्यातून जुना मोबाईल काढते आणि चार्जिंगला लावते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे घरात मला आणि माझ्या लेकीला, आचललाच माहीत आहे. आचलचे बाबा दरवर्षी विचारतात, त्या फुटक्या मोबाईलले काहून वीज पाजून राहिली? काचेवर आडवी चीर गेलेली आहे. बटण दाबलं की बराच वेळ काळोख राहतो, मग हळूहळू पांढरं धुकं उजळतं. धुक्याच्या मधोमध खेळातला तो पोरगा उभा असतो. गोल, पिवळा, काडीसारख्या दोन पायांचा, डोक्यावर एक पान. मागच्या मोहाच्या हंगामात ठेवला होता तिथंच.

आज सकाळी पहिली टोपली भरून आली. आंगण सारवून ठेवलंच होतं, त्यावर फुलं पसरली. ताजी फुलं फिकट असतात, पाण्यानं टरारलेली. दुपारपर्यंत ती सुरकुततात आणि दोन-तीन दिवसांत मनुकांसारखी तांबूस होतात. वास मात्र पहिल्या दिवसापासून सगळीकडे शिरतो. केसांत, अंथरुणात, पाण्याच्या माठात. नव्या माणसाला त्या वासानं डोकं जड होतं. आम्हाला तो नसला तर घर रिकामं वाटतं.

पण तीन वर्षांपूर्वीचा मोह मला वासानं आठवत नाही. तो हाताच्या अंगठ्यांत आठवतो. तेव्हाची भीती अंगठ्यांतच होती.

आचल त्या वर्षी चौथीत होती. माझं शिक्षणही चौथीपर्यंतचं. तिची पुस्तकं मी लपून वाचायची. चौथीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आलं की मी ते पुन्हा पुन्हा वाचायची, कारण त्यापुढं काय असतं ते मला माहीत नव्हतं. गावातली शाळा चौथीलाच संपते. पुढची शाळा सानगडीला, आणि मधला दोन किलोमीटरचा रस्ता जंगलातून. आधी पोरी सायकलीनं जायच्या. पण त्या वर्षी होळीच्या आधी जंगलाच्या कडेला एक गाय मारलेली सापडली. नाल्याच्या वाळूत पंजे उमटले होते. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की ऊन पडल्याशिवाय मोह वेचायला जाऊ नका, एकटं जाऊ नका, बोलत राहा.

गुरुजी परीक्षेच्या आधी घरी आले. आचल हुशार आहे, सानगडीच्या शाळेत नाव टाकायचं तर दाखल्याच्या अर्जावर सही लागेल, असं म्हणाले. आचलच्या बाबांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसले होते. ते म्हणाले, एक वर्ष राहू द्या घरी, वाघ काय जन्मभर राहते इथी? मी दाराआड चहाचे कप धरून उभी होते. मला माहीत होतं की ते एक वर्ष कधी संपत नाही. माझंही एकच वर्ष राहायचं ठरलं होतं.

कप नेऊन ठेवले आणि परत आले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मामाजींसमोर माझा आवाज निघालाच नव्हता. पदर नीट करायचा आणि मान हलवायची, एवढंच माझं बोलणं.

मोबाईल माझ्या भावानं दिलेला. तो शहापूरला हायवेवर गाड्यांच्या दुकानात कामाला आहे. नवा घेतल्यावर जुना त्यानं भाचीला दिला. त्यात एक खेळ होता. बाकीच्या पोरांच्या खेळांत गोळ्या सुटतात, गाड्या उलटतात, कोणीतरी सारखं मरतं. यात कोणी मरत नव्हतं, नुसतं फिरायचं होतं. त्या गोल पोराचं नाव इंग्रजीत काहीतरी होतं. आचलनं ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, सोड, हा टेंभरू. जंगलात उन्हाळ्यात पिकणारं टेंभुर्णीचं फळ अगदी तसंच दिसतं, म्हणून टेंभरू.

टेंभरूचा मुलूख अजब होता. एक डोंगर गोधडी पांघरून घोरत होता; गोधडीचं टोक हळूच ओढलं की तो कुशीवर वळायचा आणि त्याच्या पाठीखालून पूल निघायचा. बेडकीणबाईचं चपलांचं दुकान होतं, त्यात नुसत्या डाव्या पायाच्या चपला. एक ढग बकरीसारखा खुंट्याला बांधलेला होता. आचलनं त्याचं दावं सोडलं, तेव्हापासून तो टेंभरूच्या मागं मागं चालायचा आणि मनात आलं की त्याच्या डोक्यावरच्या पानाला पाणी घालायचा. कोणी काही बोललं की खाली इंग्रजी अक्षरं यायची. आचल बोट ठेवून वाचायची आणि मला अर्थ सांगायची. बेडकीण म्हणते, उजवा पाय आणला तरच उजवी चप्पल मिळन. खरंच तसं लिहिलेलं असायचं की ती मनानं सांगायची, हे मी कधी विचारलं नाही.

शाळा सकाळची होती, दुपारी ती घरी यायची. मी छपरीत बसायची, एका हातात काठी, समोर वाळत घातलेली फुलं. कोंबड्या आणि बकऱ्या हाकलायचं काम असायचं. ती मोबाईल माझ्या दुसऱ्या हातात द्यायची. माझा अंगठा काचेवर टेकला की थरथरायचा. टेंभरू जागच्या जागी डुलत उभा राहायचा.

"आई, चाल ना."

"कुठं चालू?"

"कुठीबी. इथी कोणी रागावत नाही वो."

हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल. इथी कोणी रागावत नाही. मी अंगठा हळूच पुढं सरकवला आणि टेंभरू चालला. डोंगर ओलांडून एका गवताळ माळावर गेला, आणि तिथं मी त्याला एकदा गोल फिरवलं. विनाकारण. आचल इतकी हसली की कोंबड्या पळाल्या. तिचे बाबा आतून म्हणाले, मायलेकी फुलं राखून राहिल्या का फुलांनी झिंगून राहिल्या?

त्या मुलखाच्या टोकाला धुकं होतं. पांढरं, दाट. धुक्यात पाऊल टाकलं की सगळ्या बाजू सारख्या दिसायच्या आणि टेंभरू फिरून फिरून तिथंच यायचा. धुक्याच्या पलीकडून एक घंटा वाजायची. त्या घंटेपाशी काय आहे ते आचलला पाहायचं होतं. टेंभरूच्या झोळीत काजव्यासारखे चमकणारे दगड होते. ती धुक्यात जायची, एक दगड टाकायची, परत फिरायची, पुन्हा जायची, त्याच्यापुढं दुसरा टाकायची. असं तिनं पंधरा दिवस केलं, हे मला नंतर कळलं. परीक्षेचा अभ्यास झाला की रोज दोन-चार दगड पुढं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी ती शाळेत होती. मी मोहावरून आले होते, फुलं पसरली होती, हात रिकामे होते. मोबाईल घेतला आणि पहिल्यांदा एकटीनं टेंभरूला चालवलं. चालत चालत धुक्यापाशी आले. बघते तर झाडांखाली एक चमकणारा दगड पडलेला. मी वाकल्यासारखं केलं आणि टेंभरूनं तो उचलला. टिंग असा गोड आवाज झाला. थोडं पुढं दुसरा. तोही उचलला. टिंग. मग तिसरा दिसला.

मोहाच्या झाडाखाली एकही फूल ठेवायचं नसतं. राहिलेलं फूल रात्री चितळ खातं, रानडुक्कर खातं, नाहीतर सकाळी नासलेलं मिळतं. लहानपणापासून हाताला तीच सवय. खाली पडलेलं दिसलं की हात जातो, आणि टोपली भरली की जीवाला बरं वाटतं. मी धुक्यातून चालत गेले आणि सगळे दगड वेचले. झोळी भरून निघाली. आचल आली तेव्हा मी तिला कौतुकानं दाखवलं.

तिनं पाहिलं.

"आई, हे तू काहून उचलले?"

"खाली पडले होते ना."

"ती वाट होती वो," ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. मोबाईल जमिनीवर ठेवून फुलांशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसली. काचेवर टेंभरू धुक्याच्या मधोमध उभा होता. मागं वाट नाही, पुढं नाही. त्याचा ढगही कुठं दिसत नव्हता. नुसती लांबून घंटा वाजत होती.

मग माझ्या डोक्यात आलं की हे तर मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला फांद्यांचं सांगितलं. आमच्याकडं बाया आतल्या जंगलात मोहावर जातात, तेव्हा जिथं वाट फुटते तिथं एक हिरवी फांदी तोडून टाकतात. शेंडा ज्या बाजूला, त्या बाजूला माणसं गेली. मागून येणाऱ्याला कळतं, हरवलेल्याला सापडतं. जिनं टाकली तिनंच येताना ती उचलून दूर फेकायची, म्हणजे उद्या दुसरं कोणी फसणार नाही. दुसऱ्याच्या फांदीला हात लावायचा नाही. हे मला कळत होतं, आणि तरी तुझ्या फांद्या मी वेचून टोपलीत भरल्या, असं मी तिला म्हटलं.

आचलनं डोकं वर केलं. सुकली तर कसं कळते, आजची का कालची? मी म्हटलं, पान मऊ असलं तर आजची. तिनं अजून चार प्रश्न विचारले. तिचा राग कुठं गेला ते कळलं नाही. पण टेंभरू त्या दिवसापासून धुक्यातच राहिला. आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला, तो फिरून तिथंच यायचा.

एक गोष्ट मात्र मी तिला त्या दुपारी सांगितली नाही. कोणालाच सांगितली नव्हती.

माझं माहेर दिघोरीकडचं. मी चौथीत असताना असाच मोह होता. आईबरोबर झाडांवर गेले होते. फुलं वेचता वेचता मला झाडांमागून पाखरांचा आवाज आला, टॉं टॉं असा. मी टोपली ठेवली आणि आवाजामागं गेले. पुढं एक बोडी होती, पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं लहानसं तळं. त्यात कमळाची पानं पसरली होती आणि त्या पानांवरून लांब बोटांची पाखरं चालत होती. पाण्यावरून चालावं तशी. मी काठावर बसले. बसूनच राहिले.

मग हाका सुरू झाल्या. आईची, नंतर बाबाची, नंतर गावातल्या माणसांची. मला सगळ्या हाका ऐकू येत होत्या. मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर पाखरं उडाली असती. एवढंच होतं माझ्या मनात, दुसरं काही नव्हतं. सापडले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आई रडून रडून बसली होती. बाबानं मला उचललं आणि म्हणाला, वाट चुकली लेकरू. मला मार पडला नाही. सगळ्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी विचार केला, पाहायला गेले होते असं सांगितलं तर मार बसेल. म्हणून मान हलवली. हो, चुकले.

पाचवीची शाळा पुढच्या गावाला होती. बाबा म्हणाला, ही पोट्टी वाट चुकते, हिला नको पाठवायला, एक वर्ष राहू दे. ते नाव माझ्यामागं सासरपर्यंत आलं. आचलचे बाबा आजही गमतीत सांगतात, हिले सानगडीच्या बाजारात एकटी सोडली तर ही सांजेपर्यंत भाजीच्या दुकानांतच फिरन. माणसं हसतात. मीही हसायची. मला खरोखरच वाटायला लागलं होतं की मी वाट चुकणारी आहे. बाजाराला मी कधी एकटी गेलेच नाही.

परीक्षा संपल्यानंतरचा रविवार होता. आचल मोहावर आमच्याबरोबर आली. ऊन पडल्यावरच निघालो होतो. शेजारच्या सुमनबाई सगळ्यात पुढं, हातात डबा आणि काठी. वाघाला ऐकू यावं म्हणून त्या वाटभर आपल्या सुनेची गाऱ्हाणी मोठ्यानं सांगत होत्या. म्हणाल्या, हे ऐकून वाघ काय, माहा नवरापण जवळ येत नाही. आम्ही पाच बाया आणि आचल. झाडं लांब लांब होती, म्हणून हाक फिरवायची ठरली होती. आधी सुमनबाई कूऽ करणार, मग पुढची, मग पुढची, शेवटी आचल. टोपलीभर फुलं झाली की पुन्हा.

पहिली हाक फिरली. शेवटी आचलचा बारीक आवाज आला. दुसरी फिरली, तोही आला. तिसऱ्या वेळी सुमनबाईंनी कू केलं, मी केलं, बाकीच्यांनी केलं, आणि मग काहीच नाही.

जंगलात असं शांत झालं की फुलं पडण्याचा आवाज येतो. टप. टप. मी तो आवाज त्या दिवशी ऐकला. सुमनबाईंनी पुन्हा कू केलं. बाकीच्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. कोणीतरी वाघाचं नाव घेणार होतं, सुमनबाईंनी हातानं गप्प केलं. दोघी गावाकडं धावल्या, माणसं बोलवायला. सुमनबाई एकीला घेऊन डबा वाजवत, हाका मारत नाल्याच्या बाजूला गेल्या.

आचलच्या झाडाखाली तिची टोपली होती. अर्धी भरलेली, नीट ठेवलेली. पडलेली नाही, लवंडलेली नाही. मी टोपलीकडं पाहिलं आणि मला माझी टोपली दिसली. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मी खाली पाहत चालायला लागले. पायवाट फुटत होती तिथं टेंभुर्णीची कोवळी फांदी पडली होती. शेंडा डावीकडं. मी पान बोटांत धरलं. मऊ होतं.

मी आयुष्यात कधी इतक्या घाईनं चालले नाही आणि इतकं सावकाश पाहिलं नाही. दुसरी फांदी पळसाच्या बुंध्याशी. तिसरी वारुळापाशी. मधे एके ठिकाणी फांदी दिसेना. मी तिथंच उभी राहिले, पायांखालची जमीन फिरतेय असं वाटलं. सगळ्या बाजू सारख्या. मग दिसली, गवतात थोडी आत. शेंडा उताराकडं. पाचवी. सहावी. सातव्या फांदीनंतर झाडं संपली आणि आटत आलेली बोडी दिसली. काठावर आचल बसली होती, माझ्याकडं पाठ करून.

मी तिच्या खांद्याला धरलं. ती दचकली नाही.

"आई, हळू," ती कुजबुजली. "तीन आहेत."

उरलेल्या पाण्यात तीन पाणमांजरं होती. एक पुढच्या पंजांत मासा धरून खात होतं, बाकीची दोघं त्याच्याभोवती गिरक्या घेत होती. ओल्या अंगावर ऊन चमकत होतं. मी पाहिलं. एक श्वासभर पाहिलं, हे मी आज कबूल करते. मग माझी नजर काठावरच्या चिखलावर गेली. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर पंजा उमटला होता. माझ्या हाताच्या पंजाएवढा. त्यात साचलेलं पाणी अजून गढूळ होतं.

मी तिचं तोंड दाबलं, मनगट धरलं आणि निघाले. पळाले नाही. पळायचं नसतं. पाठीला जणू डोळे फुटले होते. आलेल्या वाटेनंच परतलो, एकेक फांदी ओलांडत. आचलनं पहिल्या फांदीपाशी वाकायला पाहिलं, उचलायला. मी ओढलं. मोहाच्या झाडांपाशी सुमनबाई दिसल्या तेव्हा मी मोठ्यानं ओ दिली. कोणी हाक मारलेली नव्हती तरी दिली.

घरी आंगणात गाव जमलं होतं. आचलचे बाबा काठी घेऊन निघायच्या तयारीत होते. त्यांनी तिला पाहिलं आणि काठी टाकली. राग होता की भीती ते त्यांनाही कळत नसावं. कुठी गेली होती, त्यांनी विचारलं. कोणीतरी म्हातारी म्हणाली, वाट चुकली असन बिचारी, नका बोलू लेकराले. दुसरीनं पाण्याचा तांब्या आणला. बायांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळं अगदी तसंच चाललं होतं, माझ्या वेळेसारखं, हातसुद्धा तसेच.

मामाजी खाटेवरून म्हणाले, "झालं. चुकणाऱ्या पोट्टीले जंगलातून शाळेत धाडता का? आता सानगडीचं नाव काढू नोका."

आचलनं माझ्याकडं पाहिलं. तिची मान हलायला निघाली होती, हो म्हणून. मला ती मान ओळखीची होती.

मी गप्प राहिले असते तर तिला मार बसला नसता. खरं सांगितलं तर बसण्याची भीती होती. डोक्यावरचा पदर मी हातानं घट्ट धरला होता, आणि बोलले ते जमिनीकडं पाहून बोलले.

"मामाजी, पोट्टी चुकली नाही. पाहाले गेली होती. जाताना वाटेवर फांद्या टाकल्या तिनं. मी त्या फांद्यांवरनं गेली आणि तिच्यापाशी पोचली." मग थांबता आलं असतं, पण थांबले नाही. "मीपण नव्हती चुकली दिघोरीले. मले हाका ऐकू येत होत्या."

आचलचे बाबा माझ्याकडं असे पाहत होते जसं घरात कोणी नवीन माणूस आलं आहे. पंजाचंही मी सांगितलं. लपवलं नाही. ते ऐकल्यावर त्यांचा हात वर झाला होता. तो हवेतच राहिला, मग त्यांनी तो स्वतःच्या तोंडावरून फिरवला.

मामाजींनी आचलला जवळ बोलावलं.

"कितीक फांद्या?"

"सात."

"उचलल्या?"

"आईनं उचलू नाही देल्या. ओढत आणलं."

"मंग उद्या कोणी फसन ना त्याच्यानं," मामाजी म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

ऊन चांगलं चढल्यावर ते फांद्या उचलायला गेले. मामाजी, आचलचे बाबा, सुमनबाईंचा नवरा आणि अजून चौघं, डबे वाजवत, आरडाओरडा करत. आचल सगळ्यांत पुढं नाही, मधे होती. पण कुठं वळायचं ते तीच सांगत होती. मी फुलांजवळ काठी घेऊन बसले होते. एक बकरी येऊन खाऊन गेली, मी तिला हाकललं नाही. डब्यांचा आवाज लांब गेला, इतका लांब की ऐकू येईना. मग बऱ्याच वेळानं पुन्हा यायला लागला.

मामाजी परत आले, पाय धुतले, खाटेवर बसले. मी पाणी दिलं. ते पाणी प्याले आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "सातच होत्या. शेंडेपण बरोबर होते." तांब्या खाली ठेवला. दोन दिवसांनी आचलचे बाबा गुरुजींकडं जाऊन सही करून आले.

एक अट होती, जंगल संपेपर्यंत कोणीतरी सोबत जायचं. ते कोणीतरी मीच. पहिले सहा महिने मी रोज तिच्या सायकलीबरोबर चालत गेले. आमच्याबरोबर अजून दोन पोरी निघाल्या. जाताना आम्ही मोठमोठ्यानं पाढे म्हणायचो, वाघाला ऐकू यावेत म्हणून. पाढे मला येत होते. पुढचं, पाचवीचं, पोरी म्हणायच्या तेव्हा मी ऐकायची. सानगडीच्या रस्त्याला लागलं की त्या पुढं निघून जायच्या आणि मी जंगलकडेच्या शेतांवर थांबायची. कोणी ना कोणी बाई गावाकडं येणारी मिळायची. एक दिवस कोणी आलं नाही. बराच वेळ वाट पाहिली. मग एकटीच निघाले, काठी आपटत, स्वतःलाच हाका मारत आणि स्वतःच ओ देत. घरी पोचले तेव्हा आचलचे बाबा दारात होते. सापडलं का घर, त्यांनी विचारलं. पण हसले नाहीत.

भीती गेली असं नाही. गेल्या वर्षी पुन्हा पंजे दिसले. आता ती सातवीत आहे. तिला यायला पाच मिनिटं उशीर झाला की माझे अंगठे थरथरतात. मी बोटं मुठीत दाबून धरते. भीतीपायी तिला घरी ठेवलं असतं तर भीती गेली असती का, असं मी स्वतःला विचारते. माझी आई मला घरी ठेवूनही घाबरायचीच.

आजही छपरीत बसले आहे. समोर फुलं वाळतायत, बाजूला मोबाईलची तार लटकते आहे. टेंभरू अजून धुक्यातच आहे. आचलला आता त्या खेळात रस राहिला नाही. म्हणते, तूच खेळ वो, मले अभ्यास आहे. घंटेपाशी काय आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही. माझी झोळी दगडांनी भरलेली आहे, मीच वेचलेल्या. आज मी एक दगड टेंभरूच्या पायाशी टाकला. दोन पावलं गेले, दुसरा टाकला. मागं वळून पाहिलं, दोन्ही चमकत होते. तिसऱ्यासाठी अंगठा उचलला आणि वळणावरून सायकलची घंटी ऐकू आली. मागोमाग हाक आली. जंगल संपलं की ती तिथूनच हाक मारते, रोज.

टेंभरूला तिथंच ठेवून मी उठले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओ दिली.